सोसण्याचा वेळ आणि चित्रपटाचा वेळ

शरीराच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारे आणि एकट्या माणसाची झुंज दाखवणारे चित्रपट हा आता जवळजवळ एक स्वतंत्र प्रकार झाला आहे. दरीत अडकलेला गिर्यारोहक, भर समुद्रात एकटा सापडलेला नाविक, कोठडीचे दार चमच्याने कोरणारा कैदी, छिन्नी-हातोडा घेऊन डोंगराला भिडलेला मजूर ही त्या प्रकारातील ओळखीची माणसे होत. अशा चित्रपटांविषयी प्रेक्षक बोलू लागले, की ते कथेविषयी थोडे आणि स्वतःच्या शरीराविषयी अधिक बोलतात: श्वास कोंडला, मुठी आवळल्या गेल्या, घसा कोरडा पडला, एका ठिकाणी मान वळवावी लागली. हा प्रतिसाद नेमका कशामुळे निर्माण होतो, तो कोणत्या चित्रपटात खोल जातो आणि कोणत्या चित्रपटात वरच्यावर विरून जातो, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. आणि गिरण्यांनी, मागांनी व दुष्काळांनी घडवलेल्या सोलापूरसारख्या शहरात त्याचा विचार करताना काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात, अशी त्यामागची धारणा आहे.

प्रेक्षकाच्या शरीराने दिलेल्या उत्तराला आपल्या परंपरेत जुनी नावे आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ म्हणजे जागीच खिळून राहणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, आवाज फुटेनासा करणारा स्वरभंग, वेपथू म्हणजे कंप, चेहऱ्याचा रंग उतरवणारे वैवर्ण्य, अश्रू आणि शुद्ध हरपवणारा प्रलय. हे भाव मुळात नटाने दाखवायचे आहेत. परंतु अंधाऱ्या चित्रपटगृहात ते खुर्चीतल्या माणसाच्या अंगावर उमटतात आणि तेव्हा पडद्यावरच्या नटाइतकाच प्रेक्षकही त्यांचा धनी होतो. याच शास्त्रात भावांची आणखी एक विभागणी आहे, जी या विषयाला फार उपयोगी पडते. रती, शोक, उत्साह, भय यांसारखे आठ भाव स्थायी, म्हणजे नाट्यकृतीभर टिकून राहणारे मानले आहेत. तर तेहतीस भाव व्यभिचारी किंवा संचारी, म्हणजे लाटेसारखे येऊन ओसरणारे मानले आहेत. श्रम, ग्लानी आणि धृती, म्हणजे थकवा, गळून जाणे आणि धीर, ही तिन्ही या दुसऱ्या यादीत आहेत. शास्त्रकारांच्या दृष्टीने थकवा ही वीराच्या वाटेवरची एक क्षणिक अवस्था आहे. वीर थकतो, घाम पुसतो आणि पुन्हा उत्साहाकडे परततो.

सहनशक्तीच्या चित्रपटांचा सगळा पेच येथे आहे. अशा कथेत श्रम हाच टिकून राहणारा भाव असतो आणि उत्साह मधूनच येऊन जातो. ही उलटापालट पडद्यावर साधायची तर दिग्दर्शकाला थकव्याला पुरेसा वेळ द्यावा लागतो, कारण सोसणे ही सर्वस्वी वेळेची बाब आहे: तीन मिनिटे उचललेले ओझे आणि तीन तास उचललेले ओझे वजनाने सारखेच असले तरी अनुभव म्हणून त्यांच्यात काहीही सारखे नसते. चित्रपटाचे मुख्य हत्यार मात्र संकलन आहे. संकलन म्हणजे चित्रित केलेले तुकडे कापून जोडणे. आणि कापली जाते ती फिल्मपेक्षाही वेळ. जी कला वेळ कापूनच उभी राहते, तिने वेळ सोसणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायची, ही अवघड जबाबदारी आहे. ती कोण किती प्रामाणिकपणे पार पाडतो यावर प्रेक्षकाच्या शरीरातला प्रतिसाद किती काळ टिकणार हे ठरते.

डॅनी बॉयल यांचा २०१० सालचा ‘१२७ अवर्स’ हा चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण त्याच्या नावातच वेळ मोजलेला आहे. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील एका अरुंद घळीत आरन राल्स्टन या तरुणाचा उजवा हात निसटलेल्या शिळेखाली चिरडून अडकला आणि पाच दिवसांहून अधिक काळ थोड्याशा पाण्यावर काढल्यानंतर त्याने बोथट पात्याने तो हात स्वतः कापून सुटका करून घेतली. हे १२७ तास चित्रपटात सुमारे दीड तासात येतात. बॉयल पडद्याचे उभे तुकडे करतात, आठवणी आणि भास घळीत आणून सोडतात, ए. आर. रहमान यांचे संगीत नाडीच्या ठोक्यासारखे चालू ठेवतात. हे सारे कौशल्य थोर असले तरी प्रेक्षक कंटाळेल ही धास्ती त्याच्या मुळाशी आहे, असे म्हणणे भाग आहे. हात कापण्याच्या प्रसंगी प्रेक्षक जे तोंड फिरवतात ते खरेच असते; परंतु तो प्रतिसाद भयाचा आणि जुगुप्सेचा आहे, सोसण्याचा नाही. राल्स्टन यांच्या वाट्याला त्या घळीत सर्वाधिक आले असेल ते म्हणजे काहीही न घडणारे तास. तेच पडद्यावर सर्वांत कमी आहेत. शेवटी माणसे दिसतात, मदत मिळते आणि प्रेक्षक मोकळा होऊन बाहेर पडतो; अनुभव जिथल्या तिथे मिटतो.

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘ट्रॅप्ड’ २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला हीच कथा मुंबईच्या मधोमध सापडली. रिकाम्या टोलेजंग इमारतीतल्या एका सदनिकेत तरुण अडकतो. वीज नाही, पाणी नाही, दार उघडत नाही. आणि खाली लाखो माणसांचे शहर चालू असते. या चित्रपटाचे वेगळेपण असे, की येथे एकटेपण निसर्गाने लादलेले नाही. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर माणसे आहेत आणि ती ऐकत नाहीत. उंदराला भिणारा हा तरुण भुकेने कबूतर मारून खाण्यापर्यंत पोहोचतो तो प्रवास राजकुमार राव यांनी शरीर खरोखर रोडावत नेऊन दाखवला. शहरी प्रेक्षकाला युटाची घळ दूरची वाटेल, पण बंद दार दूरचे वाटत नाही. म्हणून हा चित्रपट पाहून घरी परतलेला माणूस किल्ली दोनदा तपासतो. तरीही वेळेच्या बाबतीत मोटवानेसुद्धा घाईतच आहेत. प्रत्येक दृश्यात नवी युक्ती, नवा अपघात येतो आणि दिवस कसे सरले हे दिवसांऐवजी वाढलेल्या दाढीवरून कळते.

दशरथ मांझी यांच्यावरील केतन मेहता यांच्या २०१५ सालच्या चित्रपटात बिहारमधील गेहलौरचा डोंगर फोडून रस्ता काढण्याचे बावीस वर्षे चाललेले काम अडीच तासांच्याही आत येते. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी युद्धात गोळ्या झेलून कमरेखालचे बळ गमावल्यानंतर १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले. त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ २०२४ मध्ये आला. या दोन्ही चित्रपटांत श्रम पुन्हा संचारीच झाला आहे. पदकाकडे किंवा रस्त्याकडे जाणारी एक पायरी, एवढेच त्याचे काम उरते.

पडद्यावरच्या वेळेच्या याच प्रश्नावर फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी गेल्या शतकाच्या मध्यात मूलगामी विचार केला. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ सालच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या माहितीपटात कॅनडाच्या हिमप्रदेशातील एक शिकारी बर्फातल्या भोकापाशी सीलची वाट पाहतो. शिकारी, भोक आणि सील यांचे सुटे तुकडे जोडून तो प्रसंग सहज सुचवता आला असता. परंतु फ्लॅहर्टी वाट पाहण्याचा खरा अवधी पडद्यावर ठेवतात आणि बाझाँ यांच्या मते तो अवधी हाच त्या चित्राचा आशय आहे. त्या माहितीपटातील बराच भाग खास कॅमेऱ्यासाठी घडवून आणलेला होता हे पुढे उघड झाले. त्यामुळे बाझाँ यांचा मुद्दा कमकुवत होत नाही, उलट अधिक नेमका होतो: प्रसंग घडवलेला असला तरी वाट पाहणे खरे असू शकते, कारण ते प्रेक्षकाकडूनही करवून घेतले जाते. एकाच अखंड चित्रणात घेतलेल्या लांब दृश्याला ‘लाँग टेक’ म्हणतात. सहनशक्तीच्या चित्रपटात त्याचे स्थान अलंकाराचे नसते. तेथे ती सचोटीची बाब असते.

या सचोटीचा सर्वोच्च नमुना म्हणून कानेतो शिंदो या जपानी दिग्दर्शकाच्या १९६० सालच्या ‘द नेकेड आयलंड’ या चित्रपटाकडे बोट दाखवावे लागते. जपानच्या अंतर्समुद्रातील एका लहानशा, गोड्या पाण्याचा थेंबही नसलेल्या बेटावर नवरा, बायको आणि त्यांची दोन मुले राहतात. रोज होडी वल्हवत शेजारच्या बेटावर जायचे, बादल्या भरायच्या, परत यायचे, कावड खांद्यावर घेऊन उभी चढण चढायची आणि ते पाणी ओगराळ्याने एकेका रोपाच्या मुळाशी घालायचे, एवढाच या कथेचा व्यवहार आहे. चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत. चढण पुन्हा पुन्हा दाखवली जाते आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकाची नजर बाईच्या पावलांवरून हटत नाही, कारण पाऊल चुकले तर काय होते हे शिंदो यांनी एकदाच दाखवून ठेवले आहे: एक बादली सांडते आणि नवरा तिच्या मुस्कटात मारतो. पुढे थोरला मुलगा आजारी पडतो, बाप डॉक्टरला आणायला धावतो, डॉक्टर पोहोचेपर्यंत मुलगा गेलेला असतो. दफनानंतर एके दिवशी ती आई भरलेली बादली शेतात उलथते, रोपे उपटते आणि जमिनीवर पडून आक्रोश करते. नवरा उभा राहून पाहतो, काही बोलत नाही, पाणी घालत राहतो. आणि थोड्या वेळाने तीही उठून पुन्हा पाणी घालू लागते. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात येथे संगीत चढले असते आणि शोक स्थायी झाला असता. शिंदो यांच्याकडे शोक येऊन जातो आणि श्रम राहतो. नाट्यशास्त्राची विभागणी उलटी फिरते ती येथे.

सोलापूर जिल्ह्यातील प्रेक्षकाला हा चित्रपट परका वाटण्याचे कारण नाही. सांगोला, मंगळवेढा, करमाळा या अवर्षणप्रवण तालुक्यांत पाणी वाहून आणणे हा अनेक पिढ्यांच्या बायकांचा दिनक्रम होता आणि टंचाईच्या वर्षी आजही होतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, उसाचे मळे उभे राहिले, साखर कारखान्यांची रांग लागली. तरीही धरणाचे पाणी ज्यांच्या शिवारात पोहोचले नाही त्यांची हंडा-कळशी सुटली नाही. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामावर खडी फोडलेली, सुकडीवर दिवस काढलेली पिढी अद्याप पूर्णपणे सरलेली नाही. डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ढेकळांतून चाललेल्या माणसाची नजर शिंदो यांच्या नायिकेकडे जाईल ती नवलाने जाणार नाही. कावडीचा हेलकावा आणि पावलाचा ठेका जुळतो की नाही, चढावर ओझे कोणत्या बाजूला झुकवावे, याकडे ती जाईल. पॅरिसच्या किंवा पुण्याच्या प्रेक्षकाला तेथे काव्य दिसेल; मंगळवेढ्याच्या प्रेक्षकाला तेथे कसब दिसेल, आणि दुसरी नजर पहिलीपेक्षा चित्रपटाच्या अधिक जवळची आहे. शरीराने ओळखलेली गोष्ट पाहताना जो प्रतिसाद उमटतो तो दयेचा नसतो. त्यात बरोबरी असते.

येथे सोलापूरच्या एका सोहळ्याची आठवण विषयाला धरून आहे. संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला एक माणूस तो उंच, जड ध्वज कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो. पाहणारा सोलापूरकर श्वास रोखून ते तोलणे पाहतो. सात्त्विक भावांपैकी निदान तीन तरी त्या मिरवणुकीत रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे असतात. परंतु नंदीध्वज पेलणारा एकटा नसतो. त्याच्या भोवती सांभाळणारे हात असतात, भार दुसऱ्याकडे सोपवण्याची रीत असते, महिनोन्महिने केलेला सराव असतो आणि सारे शहर त्या तोलाचे साक्षीदार असते. पंढरीची वारीही अशीच आहे; पाय प्रत्येकाचे आपापले सुजतात, पण चालणे दिंडीचे असते. मराठी मुलखात सोसण्याला संगत असते हे इतके गृहीत आहे, की एकट्या झुंजीचा चित्रपट पाहताना येथील प्रेक्षकाला पहिला प्रश्न पडतो तो धैर्याचा नसून ‘याचे कोणी आले कसे नाही?’ असा पडतो. हा प्रश्न भाबडा नाही. एकटेपण हे कधी निवडलेले असते, कधी अपघाताने आलेले असते आणि कधी माणसांनी मुद्दाम लादलेले असते. चांगला चित्रपट यांतील फरक विसरू देत नाही.

प्रेक्षकाच्या बाजूनेही एक बदल झाला आहे आणि तो काळजीचा आहे. चित्रपटगृहात वेळ दिग्दर्शकाच्या ताब्यात असे. कंटाळा आला तरी शेजाऱ्यांच्या संगतीने तो सोसावा लागे. आता चित्रपट हातातल्या फोनवर एकट्याने पाहिला जातो आणि अंगठ्याच्या एका स्पर्शाने दहा सेकंद पुढे जाता येते. म्हणजे संकलनाची कात्री प्रेक्षकाच्याच हाती आली आहे. शिंदो यांची चढण अशा रीतीने तीन स्पर्शांत संपते. ज्या कथेचा आशयच लांबणे हा आहे तिच्या बाबतीत हे पाहणे अर्धे नसते. ते न पाहणेच असते. दिवसभर ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा असतो त्या माणसाने रात्री घाईने पाहावे, यात त्याचा दोष फारसा नाही, परंतु परिणाम तोच होतो.

मराठी चित्रपटात श्रमाला त्याचा पूर्ण वेळ देणारा दिग्दर्शक सोलापूर जिल्ह्यातूनच आला. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ साली आला आणि त्याला दिग्दर्शकाच्या पदार्पणातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, तसेच जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यांना बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा चित्रपट प्रेमाविषयी आणि जातीविषयी आहे असे म्हटले जाते आणि ते खरे आहे. परंतु त्याचा उत्तरार्ध शारीरिक दमणुकीचा चित्रपट आहे याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. गावात मोकाट फिरणारी डुकरे पकडण्याचे काम कैकाडी कुटुंबाकडे येते. बाप, आई, बहिणी आणि शाळकरी जब्या दोऱ्या घेऊन डुकराच्या मागे धावतात. डुक्कर निसटते, पुन्हा घेरले जाते, पुन्हा निसटते. मंजुळे हा पाठलाग आटोपता घेत नाहीत. तो इतका चालतो, की सुरुवातीला हसू येण्याजोग्या वाटणाऱ्या गोष्टीचे हसू प्रेक्षकाच्या घशात अडकते. मधेच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि तावडीत आलेले डुक्कर निघून जाते. स्तंभ हा सात्त्विक भाव मराठी पडद्यावर इतक्या भेदक रीतीने क्वचितच आला असेल: शरीर थांबते, कारण थांबणे कर्तव्य आहे, आणि थांबल्याची किंमत त्याच शरीराला पुन्हा धावून मोजायची असते.

त्या पाठलागाला पडद्यावरच प्रेक्षक आहेत. गावातली पोरे कठड्यावर बसून मजा पाहतात, टाळ्या पिटतात, चिडवतात. जब्याला आवडणारी शाळेतली मुलगीही पाहते. जब्याला डुकराइतकेच या नजरांपासून लपायचे आहे. तो एकटा नाही, सगळे कुटुंब त्याच्यासोबत राबते आहे; तरीही त्या मैदानात त्याच्याइतका एकाकी कोणी नाही, कारण त्याचे एकटेपण माणसांच्या अभावातून आलेले नसून त्यांच्या गर्दीतून आलेले आहे. शेवटच्या दृश्यात तो कॅमेऱ्याच्या दिशेने दगड भिरकावतो. समीक्षेने त्या दगडावर पुष्कळ लिहिले. दगडाला वजन येते ते मात्र त्याआधीच्या न कापलेल्या दमछाकीमुळे. पाठलाग दोन मिनिटांत उरकला असता तर तो दगड केवळ एक कल्पक शेवट ठरला असता. इतका वेळ पाहत बसलेल्या प्रेक्षकाला मात्र कठड्यावरच्या पोरांत आपणही बसलो होतो हे टाळता येत नाही.

बारामतीजवळ राहणाऱ्या लता करे यांचे उदाहरण या संदर्भात थोडक्यात पाहण्याजोगे आहे. साठी ओलांडलेल्या या कष्टकरी स्त्रीने पतीच्या वैद्यकीय तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून २०१३ मध्ये बारामतीच्या धावण्याच्या स्पर्धेत भाग घेतला. नऊवारी नेसून, अनवाणी धावून ती स्पर्धा त्यांनी जिंकली. नवीन देशबोईना यांनी दिग्दर्शित केलेल्या, २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘लता भगवान करे’ या चित्रपटात लताबाईंची भूमिका स्वतः लताबाईंनीच केली आणि त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. येथे नट आणि पात्र यांच्यात अंतरच नाही. पडद्यावर धावणारे पाय तेच आहेत. अशा वेळी प्रेक्षकाच्या मनात दोन भावना एकमेकींना छेदतात. बाईंच्या जिद्दीने ऊर भरून येतो, आणि उपचाराच्या पैशासाठी एका वृद्धेला शर्यत जिंकावी लागते हे पाहून तोच ऊर जड होतो. पहिली भावना सोपी आहे आणि वृत्तपत्रांनी तिचाच सत्कार केला. दुसरी टिकली पाहिजे होती. शर्यत काही मिनिटांची होती. तिच्या आधीचे रोजंदारीचे आयुष्य हा खरा लांब पल्ला होता.

या सर्व चर्चेनंतर सोलापूरच्या सर्वांत प्रसिद्ध सोसण्याकडे, म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याकडे, वळणे उचित ठरेल. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने निघाले. पथकातील इतर डॉक्टर यथाकाल परतले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात राहिले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. १९४० च्या एका मोठ्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि सलग ७२ तास झोपेविना शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये राजकमल कलामंदिरातर्फे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला, दिग्दर्शनाबरोबर नायकाची भूमिकाही स्वतः केली आणि जयश्री यांनी छिंगलान साकारली. कोटणीसांना जाऊन अवघी चार वर्षे झाली होती, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता, आणि मार्शल लॉ भोगलेल्या, चार हुतात्मे दिलेल्या सोलापुरात या चित्रपटाचा अर्थ निराळ्या तीव्रतेने लागला असणार. शांताराम यांनी त्याला वीररसाचा घाट दिला. प्लेगची साथ, तिच्यावर उपाय शोधण्याची धडपड, तो रोग नायकाने अंगावर ओढवून घेणे, जपानी तुकडीच्या हाती सापडणे आणि तिथून सुटणे अशा ठळक घटनांनी पडदा भरला. मृत्यूशय्येवरचा नायक पत्नीला आपल्या घरी कसे जायचे, तिथे कोण भेटेल, हे सांगत राहतो आणि ती त्या घरी पोहोचल्याची दृश्ये त्या बोलण्यात गुंफली जातात. तो शेवट आजही परिणामकारक आहे. डोळे भरून येतात यात कमीपणा काही नाही.

तथापि या घाटात कोटणीसांच्या सोसण्याचा मुख्य भाग बसू शकला नाही. अपस्मार हा अचानक शुद्ध हरपवणारा, शरीर कडक करून झटके आणणारा आणि मग माणसाला पुन्हा कामावर परतू देणारा आजार आहे. जुन्या शास्त्रानेही अपस्माराला संचारी भावांतच स्थान दिले आहे. तो शौर्याला शोभत नाही. त्याच्याशी दोन हात करता येत नाहीत. पुढचा झटका केव्हा येईल हे ठाऊक नसताना उद्याच्या शस्त्रक्रियेची तयारी करणे एवढेच हाती असते. कोटणीसांनी तेच केले. परकी भाषा शिकून ते चिनी विद्यार्थ्यांना तिच्यातून शिकवू लागले, शस्त्रक्रियेवरील एक पाठ्यपुस्तक त्यांनी लिहून पूर्ण केले आणि दुसरे, अधिक तपशीलवार, हाती घेतले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. दुसरे पुस्तक अपुरे राहिले.

प्लेगचा प्रयोग पडद्यावर दाखवता येतो, कारण त्याला सुरुवात, संकट आणि शेवट असतो. पाठ्यपुस्तक लिहिणे दाखवणे कठीण असते. कंदिलापाशी बसलेला, वाक्य खोडून पुन्हा लिहिणारा, मधे कोसळणारा आणि सावध झाल्यावर अपुऱ्या परिच्छेदाशी परतणारा डॉक्टर दाखवायचा, तर दिग्दर्शकाला शिंदो यांच्यासारखी चढण पुन्हा पुन्हा चढावी लागेल आणि मंजुळे यांच्यासारखा पाठलाग न कापता ठेवावा लागेल. कोटणीसांच्या सोलापुरातील घराचे आज स्मारक झाले आहे, चीनमध्ये त्यांची समाधी सांभाळली जाते आणि शांताराम यांच्या चित्रपटालाही आता सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्या अखेरच्या दोन वर्षांवर, अपस्मार न लपवणारा आणि त्या दुसऱ्या पुस्तकाला पुरता वेळ देणारा मराठी चित्रपट अजून व्हायचा आहे. तो करण्यासाठी लागणारी दृष्टी या जिल्ह्याने ‘फँड्री’त दाखवली आहे, आणि तो पाहताना दहा सेकंदही पुढे न ढकलणारा प्रेक्षक सोलापुरात मिळेल.